कार्बॉलिकचा मक्ता

सोमवार, ता. ११ जानेवारी १९२६, कुंभकोणम

आज बोर्डाच्या बैठकीत माझं म्हणणं मान्य झालं. डॉक्टर वैद्यनाथ अय्यर बाहेर आले, पगडी काढून वारा घेतला आणि म्हणाले, "गोदाबाई, झालं. दोन तास डोकं खाल्लं, पण झालं."

नोव्हेंबरात रूळ वाहून गेले आणि मद्रासेहून आठ दिवस माल आला नाही. आमचा क्लोरोफॉर्म संपला. एक बाई टेबलावर ओरडत ओरडत गेली. मागाहून कळलं की पापनाशमच्या दवाखान्यात तीन बाटल्या नुसत्या पडून होत्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच होतं. आमचं बायकांचं इस्पितळ आणि आसपासचे तीन दवाखाने वेगवेगळी चिमूटभर मागणी पाठवतात, म्हणून मद्रासचे दुकानदार आम्हाला सगळ्यांच्या शेवटी घालतात. चौघांनी मिळून एकच मागणीपत्र करावं, एकच मक्तेदार नेमावा, साठा इथंच गावात ठेवावा. कोणाचं संपलं तर बैलगाडीनं अर्ध्या दिवसात पोचेल.

बोर्डाच्या कागदावर ही कल्पना डॉक्टरांच्या नावानं आहे. असू दे. नर्सच्या नावानं ती मंजूर झाली नसती.

ही वही मराठीत लिहिते, कारण या इमारतीत मराठी वाचणारं दुसरं कोणी नाही. बाहेर तमिळ, कागदावर इंग्रजी. मनातलं लिहायला हे एवढं बरं.


गुरुवार, ता. ४ फेब्रुवारी

मक्ता तुकोजी भावोजींना मिळाला. तिघांनी अर्ज केले होते. बोर्डाचे अध्यक्ष सुंदरराव यांनी मला बोलावून विचारलं, "औषधपेढीवाले तुकोजीराव तुमचे दीर ना?"

मी म्हटलं, "हो. म्हणूनच मला त्यांची खात्री आहे."

ते हसले. त्यांचं आणि आमचं, दोन्ही घराणी तंजावरच्या दरबाराशी बांधलेली. दरबार गेला, ओळखी राहिल्या. म्हणाले, "मग चारी इस्पितळांसाठी माल तपासून सही तुम्हीच करायची. दर तीन महिन्यांनी दाखला द्यायचा."

भावोजींबद्दल मी कुठं काही लिहून ठेवलं नाही. आज लिहिते. हे गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तेराव्यानंतर माझे केस काढायला न्हावी येऊन ओट्यावर बसला. मामंजी, काका, सगळे गप्प. सतरा वर्षांचे तुकोजी दारात आडवे उभे राहिले आणि न्हाव्याला म्हणाले, "ऊठ. पेटी उचल." पुढं मला मद्रासेस दाईचं शिक्षण घ्यायला तेच घेऊन गेले, सगळ्या घराशी भांडून. आज मी आहे ती त्यांच्यामुळं. त्यांच्या मालावर सही करायला माझा हात कशाला कचरेल?


सोमवार, ता. १ मार्च

पहिला माल आला. कापूस, जाळीचं कापड, क्लोरोफॉर्म, तापावरचं कोयनेल, आणि हात धुवायच्या जंतुनाशक कार्बॉलिकच्या बारा दगडी बरण्या. सगळ्यांवर मद्रासच्या कारखान्याची चिठ्ठी, बुचावर लाख. मी एक बरणी उघडून वास घेतला. वास कडक आहे. पाण्यात घातलं तर मात्र पाणी दुधासारखं झालं. पूर्वीचं स्वच्छ विरघळायचं.

भावोजी म्हणाले, "वैनी, हे नवं आहे. यात साबण मिसळून देतात आता. नर्सांचे हात जळू नयेत म्हणून."

कामाक्षी शेजारी उभी होती. ही माझी धाकटी दाई, वय बावीस, तिरुभुवनमच्या एका विणकराची मुलगी. हात चलाख आहेत आणि जीभही. तिनं वाडग्यात बोटं बुडवली, वर काढून पाहिली. "अक्का, हे चावत नाही."

"न चावणारं बरं की नाही?" भावोजी तिला हसून म्हणाले.

मी सही केली. चार प्रती.


शनिवार, ता. २० मार्च

हातांची गंमत लिहून ठेवावीशी वाटते. सतरा वर्षं माझी बोटं कायम सोललेली. जेवताना लिंबू लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. आज लिंबाचा भात जेवले आणि जेवण झाल्यावर लक्षात आलं की काही झोंबलं नाही. भेगा भरल्या आहेत. भावोजींना सांगायला हवं, त्यांना बरं वाटेल.

चौथ्या खाटेवरच्या बाईला तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आलाय.


शुक्रवार, ता. २६ मार्च

चौथ्या खाटेवरची गेली. बाळंतज्वरच. दोन वर्षांत आमच्याकडं याची एकच केस झाली होती. सहाव्या खाटेवरचीलाही कालपासून एकशे तीन ताप आहे. ओटीपोटाला हात लावू देत नाही. मी सगळ्या चादरी उकळायला लावल्या.


बुधवार, ता. १४ एप्रिल

काल तमिळ नववर्ष होतं. वॉर्डात कोणी कडुलिंबाच्या फुलांचं पचडं आणलं होतं, तिघी जणी ते खात होत्या आणि पडद्यामागं चौथी तापात बरळत होती. ती आज सकाळी गेली. म्हणजे सहाव्या खाटेवरची धरून आता तीन.

डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"गोदाबाई, हा रोग हवेतून येत नाही. हातांनी येतो. हे मी तुम्हाला शिकवायला नको."

"मी स्वतः दर वेळी पाच मिनिटं धुते."

"तुमच्याबद्दल बोलत नाहीये. कामाक्षी?"

मी म्हटलं, "पाहते."

ही गोष्ट बाहेर जाऊ नये असंही ते म्हणाले. इस्पितळात बाळंतज्वर म्हणजे नामुष्की. लोक यायचे बंद होतील, पुन्हा सुइणींकडं जातील.


मंगळवार, ता. २७ एप्रिल

चौथी गेली. डॉक्टरांनी लेखी अहवाल मागितला.

दहा दिवस मी कामाक्षीवर डोळा ठेवून होते. ती पाच मिनिटं धुते. घड्याळ पाहून धुते. पण गेल्या शुक्रवारी हळद लावून न्हाऊन आली होती, आणि तिच्या नखांच्या कडांना हळद होती. मी सगळ्यांसमोर तिचा हात धरला.

"हे काय?"

"हळद आहे, अक्का. हळदीनं कोणी मेलंय का?"

"उलट बोलू नकोस. जे हळद राहू देतात ते आणखी काय काय राहू देत असतील!"

तिचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, "अक्का, मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. ते औषध चावत नाही. एकदा दुसरीकडून मागवून बघा ना."

माझा संताप झाला. आपल्या चुकीचं खापर औषधावर, तेही सगळ्यांदेखत, माझ्या माणसाच्या औषधावर. मी म्हटलं, "चार बायका मेल्या आणि तू बरणीकडं बोट दाखवतेस?"

अहवालात नखांतल्या हळदीचं लिहिलं. तिला आज काढून टाकलं. दायांच्या नोंदवहीतून नावही कमी होणार, म्हणजे खासगी बाळंतपणंही तिला करता यायची नाहीत. पेटी उचलून जाताना ती माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतला.

वाईट वाटतंय. पण माझं कर्तव्य मी केलं.


रविवार, ता. ९ मे

कामाक्षीला जाऊन बारा दिवस झाले. भिंतींना चुना दिला. खाटा उन्हात टाकल्या. खोलीत गंधक जाळलं. काल पाचव्या बाईला थंडी भरली.

आता बाळंतपणं मी एकटीच करते. म्हणजे आता हात फक्त माझे आहेत.

हे लिहून मी उठले आणि पुन्हा हात धुतले.


गुरुवार, ता. १३ मे

पाचवी गेली. डॉक्टर माझ्याकडं बघत नाहीत. बोलतात ते वहीकडं बघून.


बुधवार, ता. २ जून

भावोजींची थोरली अंबुजा पहिल्या बाळंतपणाला आली आहे. घरीच करावं असं भावोजींच्या मनात होतं. पण अंबुजाच हटून बसली, "गोदाकाकूकडंच जाणार." पोरगी गोड आहे. कळा अजून लांब लांब आहेत.

भावोजी स्वतः तिला गाडीतून घेऊन आले. मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नाही. धोतराच्या सोग्यानं सारखा घाम पुसत होते. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि कागदात गुंडाळलेली एक निळी बाटली हातात दिली.

"वैनी, अंबुजेसाठी हे वापरा. दुसरं काही वापरू नका."

"काय आहे?"

"कार्बॉलिकच. माझ्याकडची जुनी बाटली. शकुनाची म्हणा हवं तर. माझ्यासाठी एवढं करा."

बापाचं काळीज. मी म्हटलं, "बरं."


शनिवार, ता. ५ जून

अंबुजा मोकळी होऊन आज तिसरा दिवस. मुलगा झाला. ताप नाही, दूध आलंय, भूक लागते म्हणून हैराण करते. शब्द दिला होता म्हणून तिच्यासाठी बाळंतपणापासून निळ्या बाटलीतलंच वापरते. जुनं ते, माझी बोटं पुन्हा सोलली. आज रसम कालवताना हात झटकला.

शेजारच्या खाटेवर वलंगैमानच्या बाजूची एक बाई आहे, अंबुजेनंतर दोन तासांनी बाळंत झाली. तेच हात माझे, तीच खोली, तेच टेबल. तिला दुपारी थंडी भरली.


सोमवार, ता. ७ जून

ती बाई पहाटे गेली. सहावी.

तिचं आवरून मी हात धुवायला आले. मोरीवर दोन भांडी होती. एकात अंबुजेसाठी केलेलं निळ्या बाटलीचं पाणी, दुसऱ्यात बरणीचं. एक स्वच्छ, एक दुधाळ. आधी डावा हात एकात घातला, मग उजवा दुसऱ्यात. डावा जळायला लागला. उजव्याला काहीच वाटेना.

डॉक्टर येताच मी त्यांना औषधांच्या खोलीत नेलं. मद्रासेस आम्हाला शिकवलं होतं, खऱ्या कार्बॉलिकमध्ये लोहअर्काचे थेंब टाकले की ते जांभळं होतं. दोन पेले मांडले. निळ्या बाटलीचं पाणी जांभळं झालं, पिकल्या जांभळासारखं. बरणीचं तसंच राहिलं, गढूळ. आम्ही दुसरी बरणी उघडली. तिसरी उघडली. एकही जांभळी झाली नाही.

डॉक्टर म्हणाले, "डांबराचं तेल आणि साबणाचं पाणी. फक्त वास आहे." मग कपाटाला टेकून खाली बसले. जमिनीवर. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

ही परीक्षा मला मार्चमध्ये येत होती. लोहअर्काची बाटली त्याच खोलीत होती. मी वास घेतला, लाख पाहिली, आणि माणूस पाहिला.

कामाक्षीनं नुसती बोटं बुडवून सांगितलं होतं.


मंगळवार, ता. ८ जून

पेढीवर गेले. गिऱ्हाईक नव्हतं. भावोजींनी उठून पाट दिला, काफी मागवली. मी बसले नाही.

"भावोजी, अंबुजेची बाटली आणि आमच्या बरण्या यांत फरक का आहे?"

ते माझ्या हातांकडं पाहत राहिले. मग विचारलं, "अंबुजा बरी आहे ना?"

"बरी आहे. तिच्या शेजारची गेली. सहा बायका गेल्या, भावोजी."

"बाळंतपणात बायका जातात, वैनी. गल्लीबोळांत सुइणी विळ्यानं नाळ कापतात. तिथं कोणतं कार्बॉलिक असतं? तरी पोरं होतातच."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"मला एवढंच ठाऊक होतं की चौघांचा मक्ता म्हणून बोर्डानं भाव इतका खाली दाबला की खरा माल देणं कोणालाच जमलं नसतं. सुंदररावांनाही ते कळत होतं. कोणी विचारलं नाही. तुम्ही तरी विचारलंत?"

मी म्हटलं, "मी डॉक्टरांना सगळं सांगितलंय. जिल्ह्याच्या साहेबांना पत्र जाईल."

तेव्हा त्यांचा आवाज बदलला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "वैनी, त्या दिवशी न्हाव्याला ओट्यावरून कोणी उठवलं?"

उत्तर एकच होतं, आणि ते मला आयुष्यभर पाठ आहे.

पायरी उतरताना मागून म्हणाले, "प्रत्येक बरणीच्या दाखल्यावर सही तुमची आहे."


शुक्रवार, ता. १८ जून

डॉक्टरांनी बाकी तिन्ही दवाखान्यांना पत्रं लिहून विचारलं होतं. आज शेवटचं उत्तर आलं. सगळीकडं तेच. एका ठिकाणी तीन बायका, एका ठिकाणी एक बाई आणि पाय कापलेला एक माणूस. तिसऱ्या ठिकाणी कोणी मेलं नाही, पण जखमा चिघळतात म्हणून कंपाउंडरला काढून टाकलंय. एकानं विहीर उपसली. एकानं ग्रहशांत करवली. जो तो आपल्याच घरात चोर शोधत बसला होता आणि लाजेनं दुसऱ्याला विचारत नव्हता. खरेदी एकत्र केली, पण मरणं मात्र आपापली झाकून ठेवली. ही व्यवस्था मी सुचवली तेव्हा औषधं एकमेकांना कशी पोचतील याचा विचार केला होता. बातमी कशी पोचेल याचा केला नव्हता.

सुंदररावांनी आज घरी बोलावलं. स्वतः पानाचं तबक पुढं केलं. विधवेपुढं पान केलं हे लक्षात येताच मागं घेतलं.

"गोदाबाई, मी सांगतो तसं करू. बरण्या ओतून टाकू. वर्ष संपलं की मक्ता दुसऱ्याला देऊ. तुकोजीरावांचं घर राहील, तुमची नोकरी राहील, इस्पितळाचं नाव राहील."

"आणि कामाक्षी?"

"कोण कामाक्षी?" त्यांनी खरंच विचारलं.

मी उठले. घरी येऊन जिल्ह्याच्या डॉक्टर साहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं. वैद्यनाथ अय्यरांनी ते वाचलं. वर पाठवणारा म्हणून स्वतःचं नाव घालायला सांगितलं, आणि खाली पहिली सही त्यांनी केली. त्यांना पेन्शनला चार वर्षं उरली आहेत. मी दुसरी सही केली. मार्चमध्ये दाखल्याच्या चार प्रतींवर केल्या, त्यानंतरची माझी ही पाचवी सही.


गुरुवार, ता. ८ जुलै

साहेब येऊन गेले. भावोजींच्या वखारीला सील लागलं. आत डांबरतेलाची पाच पिंपं, साबणाचे डबे, आणि मद्रासच्या कारखान्याच्या नावाच्या चिठ्ठ्या. त्या इथंच छापून घेतल्या होत्या. भावोजी दोन दिवस आधीच कारैकलला निघून गेले. तिथं फ्रेंचांचं राज्य आहे, इथला पोलीस पोचत नाही. कारैकल इथून पस्तीस मैलांवर आहे, पण आता ते परत यायचे नाहीत.

मला कामावरून दूर केलंय. खोटे दाखले दिले असा शेरा आहे. ते खोटे होते, यात वाद नाही. चार इस्पितळांची एकत्र खरेदी बंद. पुन्हा ज्यानं त्यानं आपापलं मागवायचं. पावसाळ्यात पुन्हा रूळ वाहतील आणि पुन्हा कोणाकडं क्लोरोफॉर्म नसेल. हे मी साहेबांना सांगितलं. म्हणाले, "तुम्ही पुरेशा सूचना केल्या आहेत."

दुपारी अंबुजा आली. बाळाला घेऊन नाही, एकटी. दारातच उभी राहिली. मी "ये" म्हटलं. ती म्हणाली, "काकू, अप्पांनी मला वाचवलं ना? मग ते वाईट कसे?" तशीच मागं फिरून ती गेली. बाळंतिणीनं उन्हात चालू नये एवढंसुद्धा मी तिला म्हटलं नाही.


सोमवार, ता. १९ जुलै

तिरुभुवनमला गेले. विणकरांची गल्ली. प्रत्येक घरातून मागाचा ठोका. कामाक्षीचं घर विचारलं तर एका बाईनं तोंडानं नाही, हनुवटीनं दाखवलं. मागाहून कळलं, गल्लीत कोणी त्यांच्या घरचं पाणी पीत नाही. इस्पितळातून बायका मारून आली म्हणतात.

ती मागल्या पडवीत रेशमाच्या लडी उकलत होती. मला पाहून उठली. बस म्हणाली नाही. तिचे हात पाहून मी चरकले. मनगटापर्यंत लाल, जागोजागी खपल्या.

"हे रंगानं?"

"नाही, अक्का. विटेच्या भुकटीनं घासते."

"का?"

"तुम्ही म्हणालात ना. मला आधी राग आला. मग वाटायला लागलं, अक्का इतकी वर्षं काम करतात, त्यांना दिसलं असेल ते मला दिसलं नसेल. म्हणजे खरंच माझ्या हातात काही असेल."

मी तिला सगळं सांगितलं. उभ्यानंच. निळी बाटली, दोन पेले, कारैकल. नोंदवहीत तिचं नाव परत घातल्याचा कागद डॉक्टरांनी दिला होता, तो दिला. तिनं वाचला, घडी केली आणि आईकडं दिला. आई रडायला लागली. कामाक्षी रडली नाही.

मी म्हटलं, "माझी चूक झाली." तमिळात हे फार लहान वाक्य होतं.

तिनं विचारलं, "मला येऊन सांगितलंत. त्या घरांना सांगितलं का?"

"कोणत्या?"

"ज्या मेल्या त्यांच्या घरांना. त्यांना तुम्ही काय सांगितलं होतं?"

आम्ही सगळ्यांना एकच सांगत होतो. बाळंतज्वर झाला, देवाची मर्जी.

"त्यांच्याही घरात कोणीतरी विटेनं हात घासत असेल," ती म्हणाली आणि खाली बसून लडी उचलली.


मंगळवार, ता. ३ ऑगस्ट

तीन घरं झाली होती. पहिल्या घरी दार उघडलं नाही. दुसऱ्या घरी नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि माझ्यावर थुंकला. तिसऱ्या घरात आता नवी सून आहे, मला तिथं बोलता आलं नाही.

आज तिरुविसनल्लूरला गेले. एप्रिलच्या शेवटी गेलेली चौथी बाई तिथली. इस्पितळाच्या वहीत नाव आहे सुब्बलक्ष्मी, वय अठरा, खाट सहावी. गाडीत बसून मी तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवला. दोन दिवस मी तिच्या उशाशी होते आणि माझं सगळं लक्ष कामाक्षीच्या नखांकडं होतं.

आज तमिळ आडी महिन्याचा अठरावा दिवस, नदीच्या पूजेचा. कावेरीला नवं पाणी आलंय. काठावर बायका दिवे, हळदीचा दोरा, रंगीत भात घेऊन उतरत होत्या. पांढऱ्या लुगड्यातली मी, त्यांच्या वाटेत येऊ नये म्हणून बांधाच्या कडेनं गेले.

घर सापडलं. सणाचा दिवस असून दारात रांगोळी नव्हती. एक म्हातारी ओसरीवर कापसाच्या बोळ्यानं मुलीला शेळीचं दूध पाजत होती. मुलगी साडेतीन महिन्यांची, मोठ्या डोळ्यांची. मी कोण ते सांगितलं. म्हातारी बोळा बुडवत राहिली. मी सगळं सांगून टाकलं. औषध खोटं होतं. दाखल्यावर सही माझी होती.

बोळा तिच्या हातातच राहिला.

"म्हणजे तिला इस्पितळात नेलं म्हणून नाही?"

"म्हणजे?"

"ती येत नव्हती. घरीच होऊ दे म्हणत होती, तिच्या आईची सुईण होती. मीच ओढून नेलं. म्हटलं, इस्पितळात चांगलं करतात. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलानं एवढंच विचारलं, तू का नेलंस? त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. वाढलं तर जेवतो. नाही वाढलं तर उपाशी जातो शेतावर."

"तुम्ही योग्य तेच केलं होतं, अम्मा. खरं औषध असतं तर ती जगली असती."

"हे त्याला सांग," ती म्हणाली. "माझ्याकडून ऐकणार नाही. तू बस इथं."

मी ओसरीच्या कडेला बसले. तिनं मला पाणी दिलं नाही, मीही मागितलं नाही. तिन्हीसांजेच्या सुमारास तो आला. पंचविशीचा असेल. खांद्यावर कुदळ, पिंढऱ्या चिखलानं भरलेल्या. मला पाहून थांबला. मी उभी राहून पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. संपल्यावर त्यानं विचारलं, "तुमची सही?"

"हो."

त्यानं कुदळ भिंतीला टेकवली. मला वाटलं मारणार, आणि मला हलायचं नव्हतं. तो माझ्या शेजारून गेला, रांजणातलं पाणी पायांवर घेतलं, बराच वेळ घेत राहिला. म्हातारी मुलीला छातीशी धरून खांबाला टेकून उभी होती. तिच्याकडं न बघता तो आत गेला.

मी पायरी उतरले. बांधापर्यंत आले असेन तेव्हा घरातून त्याचा आवाज आला. मोठा नव्हता, बरेच दिवस न वापरलेला.

"अम्मा, वाढ."